रात्री जनावर आजारी पडले तर

गेल्या आषाढातली गोष्ट. पावसाने उंदीर घरात शिरले होते. देवळाच्या सामानखोलीतल्या मेणबत्त्या त्यांनी कुरतडल्या, तांदळाचे पोते फोडले. तेव्हा आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी बाजारातून उंदीर मारायची काळी पूड आणली, कणकेच्या गोळ्यांत भरली आणि गोळ्या कपाटाखाली ठेवल्या. त्यांतल्या दोन गोळ्या आमच्या मोतीने खाल्ल्या. मोती म्हणजे आमच्या आवारातला राखणीचा कुत्रा. सहा वर्षे तो दारात होता. धर्मग्रामातल्या पोराबाळांना तो आमच्यापेक्षा जास्त ओळखत असे.

रात्री नऊच्या सुमारास तो अस्वस्थ झाला, जागा बदलू लागला, मग ओकला. ओकारीला लसणासारखा वास येत होता. आम्ही काय केले? लहानपणापासून ऐकत आलो तेच: विषावर दूध. वाडगाभर दूध त्याला पाजले, वर भाताचा घास चारला. मग जनावरांच्या डॉक्टरांना फोन करायचा म्हणून नंबर शोधू लागलो. तो गतवर्षीच्या कॅलेंडरवर लिहिलेला होता आणि ते कॅलेंडर नव्या वर्षी आम्हीच उतरवून बंबात घातले होते. शेजारच्या वाडीतून नंबर मिळाला. टेम्पो मिळायला आणखी तास गेला. रस्ता पावसाने खचलेला. डॉक्टरांच्या दारात पोहोचलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती.

डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले. कोणते विष? किती खाल्ले? केव्हा खाल्ले? कुत्र्याचे वजन किती? एकाचेही उत्तर आमच्यापाशी नव्हते. पुडीचा कागद मावशींनी चुलीत घातला होता. लसणाच्या वासावरून डॉक्टरांनी ओळखले की ते झिंक फॉस्फाईड असावे. ते म्हणाले, "फादर, या विषावर खायला-प्यायला घालायचे नसते. पोटात अन्न गेले की आम्ल सुटते, आणि त्या आम्लानेच या पुडीतून विषारी वायू तयार होतो." त्यांनी सलाईन लावले, इंजेक्शने दिली. पहाटे मोती गेला. दूध पाजले नसते तर तो जगलाच असता असे डॉक्टर म्हणाले नाहीत आणि आम्हीही म्हणत नाही. पण रात्रीचे तीन तास आम्ही हातांनी वाया घालवले, हे खरे आहे.

यानंतर आम्ही डॉक्टरांकडे दोन-तीन वेळा जाऊन बसलो, प्रश्न विचारले, टिपणे काढली. धर्मग्रामात फिरताना गोठ्यागोठ्यांतून माहिती घेतली. खानापूर तालुक्यातल्या आमच्या भागात असे घर क्वचितच आहे, जिथे कुत्रा, मांजर, दोन शेळ्या किंवा एखादी गाय-म्हैस नाही. आणि असे घरही क्वचितच आहे, जिथे जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर भिंतीवर आहे. आमच्याही नव्हता, म्हणून कोणाला बोल लावत नाही.

एका जुन्या शेतकऱ्याने आम्हांला थेट विचारले, "फादर, माणसाला वेळेवर डॉक्टर मिळत नाही, तिथे कुत्र्याला कुठला?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण डॉक्टर लांब आहे म्हणूनच तयारी जवळ हवी.

पहिली गोष्ट कागदाची. एक जाड कागद घ्यावा, स्वयंपाकघराच्या दाराच्या मागे लावावा आणि दर नव्या वर्षी तो पुन्हा लिहावा. त्यावर जवळच्या गुरांच्या दवाखान्याचा नंबर, खाजगी डॉक्टरांचा नंबर, रात्री येणाऱ्या टेम्पोवाल्याचा नंबर आणि १९६२ हा क्रमांक असावा. १९६२ हा सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय गाडीचा क्रमांक आहे. कर्नाटकातही तो लागतो, महाराष्ट्रातही, आणि फोनचे पैसे पडत नाहीत. मात्र गाडी रात्री येते का, कुत्र्या-मांजरासाठी येते का, हे दिवसाउजेडी फोन करून विचारून ठेवावे. रात्री बाराला तो शोध लावू नये. आपल्या वाडीचे नाव, ग्रामपंचायत आणि जवळची खूण कन्नडमध्येही लिहून ठेवावी. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत आजी-आजोबा फक्त मराठी-कोकणी बोलतात आणि फोनवर समोरचा कन्नड बोलू लागला की गोंधळ होतो. ज्या वाड्यांत मोबाईलला रेंज फक्त टेकाडावर मिळते, तिथे कोणाच्या पोराने टेकाडावर पळायचे हेही ठरवून ठेवावे.

त्याच कागदावर प्रत्येक जनावराचे वय, वजन आणि लसीच्या तारखा असाव्यात. वजनाला महत्त्व का? औषधाची मात्रा किलोवर ठरते. कुत्र्याचे वजन करणे अगदी सोपे आहे: त्याला उचलून काट्यावर उभे राहावे, मग एकटे उभे राहावे, आणि वजाबाकी करावी.

दुसरी गोष्ट म्हणजे जनावर धड असताना ते कसे असते हे पाहून ठेवणे. धडधाकट कुत्र्याचा ताप साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाईट असतो, गाईचा १०१.५ च्या आगेमागे, शेळीचा त्याहून किंचित अधिक. माणसाचे ९८.४ डोक्यात ठेवून कित्येक जण चांगल्या कुत्र्याला तापकरी ठरवतात. थर्मामीटर जनावरांसाठी वेगळा ठेवावा. टोकाला तेल लावून तो गुदद्वारातून घालावा लागतो, म्हणून त्याच्या मागच्या टोकाला दोरा आणि चिमटा बांधून ठेवावा. चिमटा शेपटीच्या केसांना लावला की गाईने तो आत ओढून घेतला तरी परत मिळतो. हिरड्यांचा रंगही पाहून ठेवावा. बोटाने हिरडी दाबली की ती पांढरी होते आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. तिला जास्त वेळ लागला किंवा हिरडी पांढरीफटक दिसली, तर घरगुती इलाज बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. ज्या कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी उलटून पाहावी.

डबा पत्र्याचा चालेल, बिस्किटांचा रिकामा डबाही चालेल. त्यात स्वच्छ सुती कापडाच्या पट्ट्या, कापूस, पोव्हिडोन आयोडीनची बाटली, साबणाची वडी, रबरी हातमोजे, बोथट टोकाची कात्री, विजेरी, जुनी चादर आणि जाड दोरी असावी. त्यातच एका पाकिटात चार-पाचशे रुपये वेगळे ठेवावेत आणि त्यांना हात लावू नये. टेम्पोवाला रात्री उधार येत नाही.

डब्यात काय नसावे हेही सांगतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या नसाव्यात. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेनने कुत्र्याचे पोट आणि मूत्रपिंड बिघडते. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी आपल्या देशात २००६ पासून बंद आहे. ते दिलेल्या गुराचे मढे खाऊन गिधाडे मरत गेली आणि आपल्या आकाशातून जवळजवळ नाहीशी झाली. लहानपणी गावाबाहेर मेलेल्या बैलाभोवती बसलेली गिधाडे आम्ही पाहिली आहेत. आज धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांना ती चित्रात दाखवावी लागतात.

आता विषाविषयी जरा सविस्तर, कारण आमचे तिथेच चुकले.

विष खाल्ल्याचा संशय येताच पुडी, बाटली, डबा, जे सापडेल ते पिशवीत घालून बरोबर न्यावे. ओकारी झाली असेल तर तीही थोडी कागदात किंवा पिशवीत बांधून न्यावी. पण झिंक फॉस्फाईडच्या ओकारीतून तोच विषारी वायू सुटतो, म्हणून तोंड जवळ नेऊ नये, खोलीची दारे-खिडक्या उघडावीत आणि टेम्पोची काचही उघडी ठेवावी. मीठ-पाणी पाजून ओकारी काढणे हा आपल्याकडचा जुना उपाय आहे; तो सोडून द्यावा. एवढे मीठ कुत्र्याला स्वतःच विषासारखे बाधते. रॉकेल, आम्ल, संडास धुण्याचे द्रव पोटात गेले असेल तर ओकारी काढल्याने घसा दुसऱ्यांदा भाजतो किंवा रॉकेल फुप्फुसात उतरते. ओकारी काढायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे.

उंदरांच्या विषाचा दुसरा प्रकार फसवा आहे. ब्रोमॅडिओलोनसारख्या विषाच्या वड्या खाल्ल्यावर कुत्रा दोन-तीन दिवस खेळत राहतो. मग हिरड्यांतून, नाकातून, शौचातून रक्त येऊ लागते, दम लागतो. रक्त गोठण्याची शक्तीच ते विष काढून घेते. यावर जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे आणि तो वेळेत मिळाला तर बहुतेक जनावरे वाचतात. फक्त तो काही आठवडे चालू ठेवावा लागतो. म्हणून वडी खाताना पाहिले असेल तर कुत्रा धडधाकट दिसतो म्हणून थांबू नये.

फवारणीच्या औषधांची गोष्ट आणखी निराळी. भाताला, मिरचीला मारायचे कित्येक कीटकनाशक द्रव ऑरगॅनोफॉस्फेट जातीचे असतात. ते अंगावर सांडले किंवा चाटण्यात आले की तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंगाला कंप आणि लघवी-शौच आपोआप. अंगावर सांडले असेल तर हातमोजे घालून साबण-पाण्याने जनावर धुवावे, मग डॉक्टरकडे न्यावे. ॲट्रोपिनची सुई हा त्यावरचा इलाज आहे. पंपाचे पाणी गोठ्याजवळच्या डबक्यात ओतणारे शेतकरी आम्ही या वर्षीही पाहिले. त्याच डबक्यात शेळ्या पाणी पितात.

कुत्र्याला गाडीने ठोकरले किंवा रानडुकराने फाडले, तर पहिले काम म्हणजे आपला हात सांभाळणे. वेदनेत अगदी शहाणा कुत्राही धन्याला चावतो. कापडाच्या पट्टीचा फास नाकावरून घालून, खाली एक गाठ मारून, कानांमागे बांधावा. मात्र तो ओकत असेल किंवा श्वास घ्यायला धडपडत असेल तर तोंड बांधू नये. जखमेवर कापडाची घडी दाबून धरावी आणि पाच ते दहा मिनिटे उचलून पाहू नये. पाहण्याच्या घाईनेच गोठलेले रक्त सुटते. कापड भिजले तर वर दुसरे ठेवावे. उचलताना फळीवर किंवा ताणलेल्या चादरीवर घ्यावे. मांजराला झाकणाच्या टोपलीत किंवा उशीच्या अभ्र्यात घालणे बरे.

साप चावला तर वर दोरी आवळू नये, जखम कापू नये, चोखू नये. कुत्र्याला चालवू नये, उचलून न्यावे. आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते आणि ती डॉक्टरांकडेच मिळते. साप मारायच्या मागे लागून वेळ घालवू नये.

कुत्री व्यायची असेल तर साधारण ६३ दिवस मोजावेत. जोराच्या कळा येत आहेत आणि अर्ध्या तासात पिल्लू नाही, किंवा एका पिल्लानंतर दोन तास गेले आणि पोटात आणखी आहेत, तर वाट पाहू नये. दीड-दोन महिन्यांचे पिल्लू ओकते आहे आणि रक्ताची दुर्गंधी हगवण लागली आहे, तर तो बहुधा पार्व्हो असतो. त्यावर घरचे औषध नाही. सलाईनने पिल्ले वाचतात. लस आधी दिली असली तर सहसा मुळात लागत नाही.

गोठ्याकडे वळू. पावसाळ्याच्या सुरुवातीला ओली, कोवळी चारा-वनस्पती अधाशीपणे खाल्ली की पोट फुगते. डावी कूस वर येते आणि थाप मारली तर नगाऱ्यासारखी वाजते. वैरण काढून घ्यावी, जनावराचे पुढचे पाय चढावर येतील असे उभे करावे, कडुलिंबाची काठी लगामासारखी तोंडात आडवी धरून शिंगांना बांधावी; ती चघळताना ढेकर सुटतात. मोठ्या जनावराला पाव ते अर्धा लिटर खाद्यतेल पाजतात, पण फार सावकाश. नळकांड्याने पाजताना मान उंच ओढली की तेल फुप्फुसात जाते. पोटफुगीतून वाचलेली म्हैस चार दिवसांनी न्यूमोनियाने मेल्याचे आम्ही पाहिले आहे. ठसका लागला की लगेच मान सोडावी. जनावर खाली बसले, जीभ बाहेर आली, तर कुशीत सुई घालून वायू काढावा लागतो. ते जाणत्या हाताचे काम आहे.

नुकतीच व्यालेली गाय तीन दिवसांच्या आत बसली, उठेना, कान गार पडले आणि मान कुशीकडे वळवून राहिली, तर तिला थंडी झाली म्हणून काढा पाजू नये. ते कॅल्शियम कमी पडल्याचे लक्षण आहे. अशा गाईला गिळता येत नाही. पाजलेले सगळे छातीत जाते. शिरेतून कॅल्शियम दिले की तीच गाय तासा-दोन तासांत उठून उभी राहते. पाहणाऱ्याला चमत्कार वाटतो.

बेळगावच्या पूर्वेकडे ज्वारी पिकते, तिथल्या बांधवांसाठी: फुलोऱ्यापूर्वीची, पाण्याविना खुरटलेली किंवा कापणीनंतर फुटलेली कोवळी ज्वारी गुरांनी खाल्ली तर काही मिनिटांत जनावर धापा टाकते, झोकांड्या खाते आणि पडते. त्यात सायनाईडचे विष असते. उतारा इंजेक्शनाने मिळतो, पण डॉक्टर येईपर्यंत वेळ बहुधा उरत नाही. बांधाला कुंपण हाच खरा इलाज. युरियाचे पोतेही गुरांच्या जिभेच्या टप्प्यात नसावे.

शेवटची बाब जनावराइतकीच माणसाची आहे. गाय किंवा बैल अचानक लाळ गाळू लागला, घशात काही अडकल्यासारखे करू लागला, घोगरे हंबरू लागला, तर आंब्याची कोय अडकली असेल म्हणून तोंडात हात घालायची आपली सवय आहे. ती कोय असेलही. पण पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेले गुरूही नेमके असेच करते, आणि ती लाळ हाताच्या एखाद्या ओरखड्यातून आपल्या अंगात जाते. गेल्या काही आठवड्यांत कुत्रा चावला होता का, हे आठवावे आणि डॉक्टर येईपर्यंत हात घालू नये. अशा गाईचे दूध कच्चे कोणी पिऊ नये.

कुत्रा, मांजर, माकड कोणीही चावले किंवा ओरखडले, मग ते आपल्याच घरचे का असेना, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळ लावून पंधरा. चुना, मिरचीपूड, हळद, तेल काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी आणि डॉक्टरांनी दिलेल्या सर्व तारखा पाळाव्यात. रक्त आलेल्या जखमेत लसीखेरीज आणखी एक सुई जखमेभोवती देतात, ती मागून घ्यावी. कुत्रा दहा दिवस बांधून पाहायचा असतो हे खरे, पण लस त्यासाठी थांबवायची नसते. १८८५ साली लुई पाश्चर यांनी एका नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम दिली आणि तो जगला. तेव्हापासून या रोगातून वाचण्याचा मार्ग हाच आहे: लक्षणे दिसण्यापूर्वी लस. लक्षणे दिसू लागल्यावर हातात जवळजवळ काही उरत नाही. आमच्या पुरोहितपणाच्या सुरुवातीच्या वर्षांत अशा एका तरुणाच्या खाटेशी आम्हांला अंतिम संस्कारासाठी बसावे लागले होते. त्याला पाण्याचा पेला दाखवता येत नव्हता. त्याला चावलेले पिल्लू घरचेच होते, दोन महिन्यांचे. "एवढेसे पिल्लू ते काय" म्हणून कोणी दवाखान्यात गेले नाही.

शेजारच्या गोव्यात कुत्र्यांना घरोघर आणि रस्तोरस्ती लस टोचून २०२१ साली राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील त्या वेळी पुढची. १७ जानेवारीला संत अंतोनी मठाधिपतींच्या सणाला पुष्कळ जण गुरे-कुत्री आशीर्वादासाठी देवळाच्या आवारात आणतात. या वेळी त्याच सकाळी डॉक्टरांनाही आवारात बसवायचे ठरले आहे. लसीचे कार्ड ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते बरोबर आणावे. कुत्र्यांना दोरी बांधून आणावे. गेल्या वर्षी दोन कुत्री वेदीपर्यंत भांडत आली होती.

दारामागे लावायच्या कागदाचा छापील नमुना रविवारच्या मिस्सानंतर पडवीत ठेवला आहे. भाताच्या पोत्यांचा काटाही तिथेच आहे, ज्याला वजन करायचे त्याने करावे. आमच्या आवारात आता नवे पिल्लू आले आहे. मुलांनी त्याचेही नाव मोतीच ठेवले. गेल्या रविवारी त्याचे वजन साडेसहा किलो भरले. मावशींनी ते स्वतः कागदावर लिहिले आहे.